‘आपण मूळचे कुठले?’ : कोल्हापूरकर घराने आपल्या मुळाचा माग कसा काढावा

माझी आज्जी ज्वारी मापताना ‘लाभ’ म्हणून पहिले माप ओतायची आणि पुढे मोजायची, ‘एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु’. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात कानडी बोलणारे कोणी नव्हते. आम्हा मुलांना तो आज्जीचा खेळ वाटायचा. हे आकडे तिला तिच्या सासूने शिकवले होते, म्हणजे माझ्या पणजीने. पणजी रायबागेकडून बैलगाडीत बसून कोल्हापुरात आली होती. हे मला कळले तेव्हा आज्जी जाऊन नऊ वर्षे झाली होती.

म्हणून पहिली पायरी आधीच सांगते, कारण तिला उशीर चालत नाही. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. घरातले, भावकीतले, आजोळचे जे कोणी सत्तरीच्या पुढचे असतील त्यांची यादी आज रात्री करा आणि येत्या रविवारी त्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाकडे जा. तहसील कचेरी, पुराभिलेखागार, नाशिकचे उपाध्ये हे सगळे नंतर.

कोणाला विचारायचे

आपण सहसा घरातल्या कर्त्या पुरुषाकडे जातो. त्याला वंशावळ पाठ असते, पण ती नावांची नुसती माळ असते. गोष्ट असते बायकांकडे. सासरी आलेल्या सुनेला पहिल्या चार वर्षांत घरातले सगळे सांगितले जाते: कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या दिवशी कोणाचा म्हाळ, कोणत्या देवाला काय चालत नाही. ती बाहेरून आलेली असते म्हणून तिला ते लक्षात ठेवावे लागते. लेक मात्र घरातच वाढल्याने तिला विचारायचे सुचत नाही. माझ्या घरचे निम्मे मला थोरल्या काकींनी सांगितले आणि उरलेले आत्तीने. दोघींचे जुळत नव्हते. त्याबद्दल पुढे सांगते.

जमल्यास दोघींना एकत्र बसवा, नणंद-भावजय किंवा दोन बहिणी. एकटीला विचारले की ती ‘काय आठवत न्हाई बघ बाळा’ म्हणते. दोघी असल्या की एक चुकीचे सांगते, दुसरी ‘अगं ते न्हवं, तवा थोरली म्हस व्याली हुती’ म्हणून सुरू होते आणि त्या म्हशीच्या आधाराने सगळे साल उभे राहते.

आणखी एक. भावकीतून बाहेर गेलेले, भांडून वेगळे निघालेले घर टाळू नका. त्यांच्याकडे तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने जपलेली असते. जाताना पेढे घेऊन जा आणि जमिनीचा विषय आपण होऊन काढू नका. ‘वाटणीचं काय काढलंय काय?’ ही शंका पहिल्या पाच मिनिटांत येतेच. ‘मुलांसाठी घरचा इतिहास लिहितेय, कागद कुणाचाच नको’ असे स्पष्ट सांगितले की माणूस मोकळा होतो.

कसे विचारायचे

‘तुम्ही कोणत्या साली आलात?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आपल्या आज्ज्या साल मोजत नाहीत, त्या घटना मोजतात. तेव्हा प्रश्नही घटनेलाच बांधावा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी अशी यादी लिहून ठेवली आहे: प्लेग, म्हणजे १८९६ नंतरची वर्षे. मानमोडी, म्हणजे १९१८ ची साथ. शाहू महाराज गेले तो दिवस, ६ मे १९२२. गांधीवध, ३० जानेवारी १९४८, आणि त्यानंतरचे जळीत. संस्थान विलीन झाले, १ मार्च १९४९. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. बहात्तरचा दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडायची कामे. २००५ आणि २०१९ चा महापूर. ‘भूकंप झाला तवा तुमची कितवी लेक पोटात हुती?’ असे विचारले की उत्तर चुकत नाही.

नंतर वस्तूंकडे वळा. भांडी काढायला सांगा. आपल्याकडे लग्नात आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी तारीखही कोरलेली असते. एका घागरीवर मला आज्जीच्या मामाचे नाव मिळाले, आणि त्या नावापुढे असलेल्या गावाने आमचा अख्खा आजोळचा पदर उलगडला. भांडी मोडीत घालण्याआधी प्रत्येक नावाचा फोटो काढा. अक्षरे झिजली असतील तर त्यावर खडूची पूड चोळा आणि बाजूने उजेड पाडा, वाचता येतात. तसेच जुनी आहेराची वही. लग्नात कोणी काय दिले हे लिहिलेली ही लांबट वही म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या सोयऱ्यांची गावांसकट यादी असते. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, देवघरातले टाक, फोटोच्या मागची पेन्सिलीची अक्षरे हे सगळे याच वेळी पाहून घ्यावे.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना तो विमान मोडवर ठेवा, पंखा शक्यतो बंद करा आणि सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव सांगा. वीस वर्षांनी हा आवाज कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. रेकॉर्ड करतोय हे त्यांना आधी सांगायलाच हवे. एका बैठकीला पाऊण तास पुरे. दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी माणसे चांगली बोलतात.

लिहून काढताना बोली सुधारू नका. कोल्हापूरच्या आज्जीने ‘मी आलो, मी गेलो’ म्हटले असेल तर तसेच लिहा. तिचे ‘हितं’ म्हणजे ‘इथे’ करू नका. बोलीत सुटून राहिलेला एखादा शब्दच पुष्कळदा गावाची दिशा दाखवतो. आमचे ‘एरडु, मूरु’ मी पाठ्यपुस्तकी मराठीत लिहिले असते तर धागाच तुटला असता.

प्रत्येक बाईविषयी चार गोष्टी न विसरता विचारा: माहेरचे गाव, माहेरचे आडनाव, माहेरचे नाव, आणि तिचे आजोळ. लग्नात नाव बदलले की माहेरचे नाव दोन पिढ्यांत पुसले जाते. माझ्या वंशावळीत पणजीच्या खाली माहेरच्या नावाची जागा कित्येक वर्षे रिकामी होती.

आडनाव, देव आणि देवक

‘कर’ लागलेले आडनाव हा बहुधा स्थलांतराचाच पुरावा असतो. निपाणीत राहणाऱ्याला निपाणीकर कोण म्हणणार? ते नाव दुसऱ्या गावात गेल्यावर पडते. म्हणून आडनावातले गाव म्हणजे कुळाचे पहिले गाव असे धरू नका, ते सोडून आलेल्या गावांपैकी एक असते. पाटील, देसाई, चौगुले, कुलकर्णी ही कामाची आडनावे. त्यांच्या मागे पूर्वीचे दुसरे उपनाव असते आणि ते लग्न जमवताना विचारले जाते, तेव्हा घरात लग्न जमवणाऱ्या बाईला ते माहीत असणारच.

कुलदैवत विचाराच, पण जोतिबा म्हणून उत्तर आले तर फार हुरळू नका. वाडीरत्नागिरीचा जोतिबा अर्ध्या महाराष्ट्राचा देव आहे. नेमका प्रश्न असा: वर्षातून एकदा नारळ फोडायला जाता तो लहान देव कोणता? गावाच्या शिवेवरचा म्हसोबा, विठलाई, बिरोबाचे ठाणे. मोठ्या देवापेक्षा हा लहान देव जास्त सांगतो, कारण त्याला त्या गावाबाहेर कोणी ओळखत नाही. लग्नात देवक कोणते बसवता, पंचपालवी, कळंब की आणखी काही, हेही टिपा. देवक सारखे असलेली घरे आपसांत सोयरीक टाळतात, त्यामुळे तुटलेली भावकी शोधायला ते उपयोगी पडते.

आणि म्हाळाची तिथी. पितृपंधरवड्यात ज्या तिथीला आजोबांचा म्हाळ घालतात, ती सहसा त्यांच्या मृत्यूची तिथी असते. साल अंदाजाने माहीत असले आणि महिना कोणी सांगितला, तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. मृत्यूचा दाखला नसलेल्या तीन माणसांच्या तारखा मी अशाच काढल्या.

कागद : आधी शाळा, मग जमीन

कागदांत सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मस्थान आणि आधीची शाळा असते. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यामुळे ज्या घरांतले आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरांतली मुलेही त्यानंतरच्या रजिस्टरांत दिसू लागतात. आजोबांच्या गावातल्या जुन्या मराठी शाळेत मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. जन्मस्थानाच्या रकान्यात आताच्या गावाऐवजी दुसरेच नाव दिसले तर तेच तुमचे पहिले खात्रीचे ठिकाण. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. १ जून ही तारीख गुरुजींनी शेकडो मुलांना दिली आहे.

शिकायला कोल्हापुरात आलेल्यांचा माग बोर्डिंगांमध्येही लागतो. १९०१ पासून पुढच्या काही वर्षांत शहरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातली मुले पहिल्यांदाच शहरात राहिली. अनेक घरांचे कोल्हापुरात येणे खरे तर एका मुलाच्या बोर्डिंगपासून सुरू झाले आहे. घरात मात्र ‘धंद्यासाठी आलो’ एवढेच सांगितले जाते.

आता जमीन. आजचा सातबारा तुम्हाला फारसे सांगणार नाही. त्यावर फेरफारांचे क्रमांक गोल करून लिहिलेले असतात, ते उतरवून घ्या आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या फेरफारांच्या, म्हणजे गाव नमुना ६ च्या, नकला मागा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि सगळ्या वारसांची नाती लिहिलेली असतात. ज्या लेकींची नावे वंशावळीत कोणी धरली नाहीत, त्या इथे हक्कसोडपत्राच्या निमित्ताने का होईना, नावानिशी सापडतात. एका फेरफारावरून मागच्या फेरफाराकडे, असे उलटे चालत जायचे. वाटेत १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन लागेल, म्हणजे कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले गेले तो दिवस. कूळकायद्याच्या ३२-ग च्या नोंदींत तोवर कोण कोणाची जमीन कसत होते हे दिसते. आपले घर मालकाच्या रकान्यात आहे की कुळाच्या, हे पाहताना मन घट्ट ठेवावे लागते. दोन्हीकडे नाव नसेल, तर जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४ किंवा लोक म्हणतात ते कोतवाल बुक, मागा. त्यात भूमिहीन माणसांचीही नोंद असते आणि माझ्या मते ते सगळ्यांत न्याय्य दप्तर आहे.

अर्ज करताना गाव, जुना सर्व्हे किंवा गट नंबर आणि अंदाजे वर्षे स्पष्ट लिहा. ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती मिळावी’ असा अर्ज कोणत्याच कचेरीत पुढे सरकत नाही.

इथे कोल्हापूरकरांची एक खास अडचण येते, आणि ती समजून न घेतल्याने लोक वर्ष-वर्ष चुकीच्या दारात उभे राहतात. आजचा कोल्हापूर जिल्हा आणि जुने करवीर संस्थान एक नव्हेत. चंदगड तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून तिथल्या जुन्या कागदांचा माग बेळगावात काढावा लागतो. उलट रायबाग हे संस्थानातले, आज कर्नाटकात. कुरुंदवाड वेगळे संस्थान होते. इचलकरंजी, कागल, कापशी, बावडा, विशाळगड या जहागिऱ्या, त्यांची आपापली दप्तरे. तेव्हा प्रत्येक गावापुढे लिहा: १९४९ पूर्वी हे गाव कोणाच्या राज्यात होते? कोणत्या कचेरीत जायचे ते त्यावरून ठरते.

संस्थानकाळचे सरकारी दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. तिथे जाण्याआधी तुमच्याकडे एखादे नाव, गाव आणि वर्ष असायलाच हवे. इनाम, वतन, नोकरी यांपैकी कशाशी तरी घराचा संबंध असेल तर सापडण्याची शक्यता वाढते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनांबाबतही निर्णय केले. ज्यांच्या घरी वतन होते त्यांचे गाव सोडणे पुष्कळदा याच सुमारास सुरू झालेले दिसते. रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापूरला आली, शाहूपुरीची पेठ १८९५ मध्ये वसवायला घेतली, शाहू मिल १९०६ ची. ‘आमचे आजोबा कामाला आले’ या वाक्याला यांपैकी कोणते काम जुळते ते पाहा.

मोडी आणि साल

जुनी ट्रंक उघडलीत तर मोडी कागद निघणारच. वाचता येत नाही म्हणून ते बांधून ठेवू नका आणि जमिनीच्या भीतीने कोणाकडे मूळ कागदही सोडू नका. प्रत्येक पानाचा उजेडात सरळ वरून फोटो घ्या आणि मोडी जाणणाऱ्याला तो द्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते. त्यात बसलात तर दोन-तीन महिन्यांच्या सरावात खरेदीखताचा ठरीव मायना तरी ओळखता येऊ लागतो.

साल बदलायचे साधे हिशेब असे. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आतली तारीख असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली, सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला, बदलतो. त्यात ५९० मिळवा, जानेवारी ते मृगाच्या आतली तारीख असेल तर ५९१. त्याहून जुन्या कागदांवर शुहूर सन असतो, तोही मृगालाच बदलतो. त्यात ५९९ किंवा त्याच नियमाने ६००. कोणता सन आहे हे न पाहता आकडा इंग्रजी साल समजून वंशावळीत चढवलेला मी दोन घरांत पाहिला आहे.

हेळवी आणि उपाध्ये

आपल्या भागात हेळवी येतात. सुगीनंतर, गळ्यात घंटा बांधलेल्या बैलासह दारात उभे राहून घराण्याची नावे खड्या आवाजात म्हणत. हल्ली काही जण गाडीतून येतात. त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात, नवीन जन्मलेल्यांची नावे ते त्यात घालतात, आणि धान्य, पैसे, एखादे भांडे घेऊन पुढच्या घरी जातात. लहानपणी आम्ही दार लोटून घ्यायचो, याची आज खंत वाटते. हेळवी घरांत भागाची वाटणी असते, म्हणून तुमचा हेळवी कोण हे आत्ताच्या गावात नव्हे, मूळ गावात विचारा. त्याला बसवा, चहा द्या, वंशावळ रेकॉर्ड करू का म्हणून विचारा आणि मान म्हणून रक्कम आधी ठरवा. त्या वह्यांत लेकीसुनांची नावे सहसा नसतात, तेवढे ध्यानात ठेवा.

नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना आपल्याकडे नामावळी म्हणतात. नाशिकला रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगितले की तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते लोकच दाखवतात. पूर्वी आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने नावे लिहिलेली किंवा सांगून लिहवलेली असतात. आपल्या खापरपणजोबाची सही पाहणे ही काय चीज आहे ते तिथे उभे राहिल्यावरच कळते. मूळ गाव ठाऊक नसताना जाऊ नका, नुसत्या ‘पाटील, कोल्हापूर’ एवढ्यावर कोणीच काही शोधू शकत नाही.

जे गेले आणि जे आले

आतापर्यंत कोल्हापुरात आलेल्यांचे सांगितले. पण आपल्या दक्षिण तालुक्यांतून, आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. गिरणगावात एकेका गावाची खोली असायची, गावातला कोणीही पोरगा तिथे उतरायचा. अशा खोलीचा हिशेब ठेवलेल्या वह्या, गाव मंडळांच्या पावत्या अजून कोणाकोणाकडे आहेत. १९८२ च्या संपानंतर जे परत आले त्यांना विचारा, ते अजून बोलायला आहेत.

फौजेत गेलेल्यांसाठी गावातली कोनशिला पाहा. काही गावांत ‘या गावातून इतकी माणसे १९१४-१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतकी कामी आली’ असा दगड आहे. महायुद्धात पडलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येते, पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव आणि गावही आहे. इंग्रजांनी नावे कानाला लागली तशी लिहिली, तेव्हा स्पेलिंग पाच-सहा प्रकारे घालून बघा. मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे करारावर मजुरीला, गेलेल्या मराठी माणसांची कागदपत्रे तिथल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. ‘आजोबांचा भाऊ जहाजातून गेला तो आलाच नाही’ अशी गोष्ट घरात असेल तर तिथे विचारून बघण्यासारखे आहे.

आणि आपल्या दारात आलेल्यांचे. शहराजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. सोव्हिएत राजवटीने त्यांना पोलंडमधून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेले होते, तिथून सुटून ती इराणमार्गे आली. ती गेली आणि त्याच जागी फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, त्यांच्यातल्या काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. त्या छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे मंडळ काढले, प्रत्येकाने आपापली आठवण लिहिली आणि ती एकत्र छापली. शाळा, बाजार, नदी, एकेकाने आठवलेली एकेक गोष्ट. मला हा नमुना फार आवडतो. भावकीतल्या पंधरा जणांनी दोन-दोन पाने लिहिली तर एकट्याने लिहिलेल्या शंभर पानांपेक्षा ती खरी उतरतात.

गोष्ट आणि कागद जुळत नाहीत तेव्हा

आमच्या घरात सांगायचे: भावकीने छळले, पणजोबांनी एका रात्रीत गाडी जुंपली आणि पुन्हा गावाचे तोंड पाहिले नाही. काकी हेच सांगायच्या. आत्ती म्हणायची, तसे काही नव्हते. ट्रंकेतला एक मोडी कागद वाचून घेतला तेव्हा ते शके १८५१ चे खरेदीखत निघाले. गाव सोडल्यानंतर बारा वर्षांनी पणजोबांनी आपला हिस्सा त्याच भावकीतल्या चुलतभावाला विकला होता, गावात बसून, गावच्याच साक्षीदारांसमोर. मग आत्तीला आठवले की ते दरसाल यात्रेला एकटे जायचे.

माझा पहिला विचार असा की घरची गोष्ट खोटी. तो चुकीचा होता. ती गोष्ट पणजोबांची नव्हतीच, पणजीची होती. पुन्हा गावाचे तोंड न पाहिलेली ती होती. तिचे माहेरही तिकडेच राहिले, भाषाही तिकडेच राहिली, आणि तिने ते आपल्या सुनेला सांगितले, सुनेने तिच्या सुनेला. तीन सुनांच्या तोंडून येताना कर्ता तेवढा बदलला.

तेव्हापासून मी प्रत्येक वाक्यापुढे ते कोणी सांगितले आणि त्या माणसाला कोणी सांगितले हे लिहिते. वहीत दोन रकाने करा, एकात गोष्ट, एकात कागद. कागद सापडला म्हणून गोष्ट खोडू नका. कागदही सगळे सांगत नाही. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मदाता बाप तिथे दिसत नाही, पहिली बायको दिसत नाही, दुष्काळात गेलेली तान्ही मुले दिसत नाहीत.

काही गोष्टी दुखऱ्या असतात. जळितात घर गेलेले, धरणात गाव बुडालेले, जातीमुळे विहिरीवरून हाकललेले, पळून जाऊन लग्न केलेले. सांगणारा थांबला तर थांबा. ‘हे लिहू नको’ म्हणाला तर लिहू नका, किंवा वेगळ्या पाकिटात बंद करून त्याच्या हयातीनंतर उघडायचे ठरवा. जिवंत माणसांची वंशावळ, जन्मतारखा, जमिनीचे क्रमांक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

पुरापासून

२०१९ च्या ऑगस्टात प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ-कुरुंदवाडच्या कितीतरी घरांत माळ्यापर्यंत पाणी गेले. माणसे, जनावरे वाचवताना ट्रंक कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून कागद तळमजल्यावर, भिंतीला लागून, लोखंडी ट्रंकेत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, वरचा मजला, आणि पावसाळ्याआधी एकदा ऊन नव्हे, हवा द्यायची. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पिना काढून टाका, मध्ये कोरा पांढरा कागद घाला. स्कॅनच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि त्यांतली एक नदीपासून लांबच्या नातेवाइकाकडे.

कागद भिजलेच तर ओढून वेगळे करू नका. गठ्ठा तसाच आडवा ठेवून टिपकागदाने पाणी शोषून घ्या, सावलीत पंख्याखाली सुकवा, पाने आपोआप सुटू लागली की मगच उचला. इस्त्री फिरवू नका. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर स्वच्छ पाण्यात सोडून हळू वेगळे करा आणि चेहरे वर करून वाळवा. लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि वेळ मिळतो.

वही फिरवायची

सगळे जमले की लिहीन असे म्हणू नका, सगळे कधीच जमत नाही. मी जेवढे होते तेवढे टाइप करून डाव्या पानांवर छापले, उजवी पाने कोरी ठेवली, चार प्रती बांधल्या आणि चार घरांत दिल्या. एक पुण्याला गेली, एक इचलकरंजीला. प्रत्येक प्रतीला सुतळीने पेन्सिल बांधली, कारण पेन हातात घेऊन वडिलधारी माणसे खोडायला बिचकतात.

मागच्या दिवाळीत काकींकडची प्रत परत आली. बरीच पाने कोरीच होती. पणजीच्या पानासमोर मात्र काकींनी थरथरत्या अक्षरांत तिचे माहेरचे नाव लिहिले होते, खाली गाव, आणि कंसात, ‘आत्याबाईंनी सांगितलेलं, मला कुनी इचारलंच न्हाई’. आत्याबाई म्हणजे काकींच्या सासूबाई, माझी आज्जी. ते गाव रायबागेच्याही पलीकडचे आहे. यंदा सुगी झाल्यावर तिथले हेळवी कोण ते विचारायला जायचे ठरवले आहे.